शाई नसलेलं बिल

नवीन दुकानात बिलाचा प्रिंटर बसवून दिला की काही दिवसांत फोन येतोच, "भाऊ, प्रिंट फिकी येतेय, शाई कुठून भरायची?" प्रश्न अगदी रास्त आहे. घरातल्या प्रिंटरला शाई लागते, ऑफिसातल्या मोठ्या मशीनला टोनर लागतो, मग या छोट्या यंत्रालाही काहीतरी लागणारच असं कुणालाही वाटेल. पण थर्मल प्रिंटरला फक्त कागद आणि वीज लागते. अक्षर ज्या रंगात उमटतं तो रंग कारखान्यातूनच कागदावर लावून आलेला असतो, फक्त डोळ्यांना दिसत नाही.

खात्री करायची असेल तर आत्ता खिशात असेल ते बिल काढा. किराण्याचं, मेडिकलचं, कार्ड स्वाइप केल्यावरची स्लिप, काहीही चालेल. गुळगुळीत बाजू वर करा आणि नखाने एक ओरखडा जोरात, झर्रकन ओढा. काळसर रेघ उमटेल. घर्षणाने जी ऊब तयार झाली तेवढी त्या कागदाला पुरली. मागच्या बाजूवर हेच करून पाहा, काही होणार नाही. रोल सुलटा बसलाय की उलटा हे ओळखायची आमची रीत हीच. "बिलं कोरी बाहेर पडतायत" असा फोन आला की मी आधी दुकानदाराला फोनवरच नखाचा ओरखडा काढायला लावतो. पुष्कळदा काम तिथेच होतं आणि भर पावसात ग्रँट रोडवरून भायखळ्याला जायची वेळ येत नाही.

लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लिहिलेल्या रस्त्यावर, बिलिंग मशीन विकणाऱ्या दुकानात मी बरीच वर्षं काढली. आता स्वतःचं सर्व्हिसचं काम करतो. थर्मल प्रिंटर हे मला मनापासून आवडणारं यंत्र आहे. पण त्यातून निघालेला कागद लोक ज्या विश्वासाने कपाटात जपून ठेवतात, त्याची मला काळजी वाटते. हे लिहायला बसलो ते त्यासाठी.

आधी यंत्राबद्दल. झाकण उघडलं की रबराचा काळा रूळ दिसतो आणि त्याच्या समोर एक अरुंद चकचकीत पट्टी. ती पट्टी म्हणजे हेड. सिरॅमिकच्या तुकड्यावर सूक्ष्म रेझिस्टर, म्हणजे वीज गेली की तापणारे ठिपके, एका रांगेत बसवलेले असतात आणि त्यांच्यावर काचेसारखा कठीण थर असतो. बाजारातल्या बहुतेक बिल प्रिंटरांत दर मिलिमीटरला ८ ठिपके येतात, २०३ डीपीआय, म्हणजे एका इंचात २०३ ठिपके, म्हणतात ते हेच. ८० मिमीच्या रोलवर प्रत्यक्ष छपाई होते ती ७२ मिमी रुंदीत, म्हणजे एका आडव्या रेषेत ५७६ ठिपके. ५८ मिमीच्या छोट्या रोलवर ४८ मिमी, म्हणजे ३८४ ठिपके. रूळ कागदाला हेडवर दाबून धरतो, हेड त्या रेषेतले हवे तेवढेच ठिपके तापवतं, मोटर कागद मिलिमीटरच्या आठव्या हिश्शाएवढा पुढे सरकवते, की पुढची रेषा. सेकंदाला २०० मिमी छापणारं यंत्र हे सगळं एका सेकंदात १६०० वेळा करतं. म्हणजे एका रेषेच्या वाट्याला एक मिलिसेकंदही येत नाही, आणि तेवढ्यात ठिपका तापायचा आणि निवायचाही. म्हणून चांगल्या यंत्रातला प्रोसेसर हिशेब ठेवतो की आधीच्या रेषेत कोणता ठिपका तापला होता, आणि त्याला पुढच्या रेषेत जरा कमी वीज देतो. नाहीतर अक्षरांच्या कडा फुगतात. गल्लीतल्या वडापावच्या दुकानातही हे चालू असतं, आणि मला अजून त्याचं नवल वाटतं.

कागदाची गोष्ट आणखी वेगळी. त्याच्या थरात दोन मुख्य घटक असतात. एक ल्यूको डाय, म्हणजे मुळात रंगहीन अवस्थेत असलेला रंग. दुसरा डेव्हलपर, म्हणजे सौम्य आम्लासारखा वागणारा पदार्थ. दोघांचे बारीक कण एकमेकांच्या शेजारी सुके पडून असतात, आणि सोबत एक चटकन वितळणारा पदार्थ असतो. उष्णता मिळाली की तो वितळतो, दोघांची गाठ घालून देतो, डायच्या रेणूची रचना बदलते आणि तिथे काळं दिसू लागतं. कपड्यावरच्या हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो आणि लिंबू पिळलं की परत पिवळा, त्यातलाच हा प्रकार. रंग हा त्या क्षणीच्या रासायनिक अवस्थेचा असतो, आणि ती अवस्था उलटी फिरू शकते. जुनं बिल पुसट झालं म्हणजे त्यावरची शाई उडाली असं नव्हे, तर डाय आणि डेव्हलपर पुन्हा वेगळे झाले.

या यंत्राच्या जन्माशी जॅक किल्बी यांचं नाव जोडलेलं आहे. १९५८ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकन कंपनीत इंटिग्रेटेड सर्किट, म्हणजे चिप, बनवणारे, आणि त्यासाठी २००० साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेले तेच किल्बी. त्यांच्या गटाने १९६७ मध्ये तयार केलेला हातात मावणारा कॅल्क्युलेटर उत्तर दाखवायला कागदाच्या पट्टीवर उष्णतेने आकडे उमटवत असे. पुढे त्याच कंपनीने या छपाईवर चालणारं टर्मिनल, म्हणजे दूरच्या कॉम्प्युटरशी जोडायचं कीबोर्ड आणि प्रिंटरचं यंत्र, बाजारात आणलं, त्याचं नावच सायलेंट ७००. सुयांचे ठोके मारून छापणाऱ्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरशेजारी ज्याने दिवस काढलेत त्याला ते नाव का दिलं हे सांगावं लागणार नाही.

आवाज नाही हा फायदा खरंच मोठा आहे. दवाखान्याच्या काउंटरवर, लायब्ररीत, रात्री उशिरापर्यंत उघड्या मेडिकलमध्ये तो जाणवतो. वेग तर आहेच. आतमध्ये हलणारे भाग म्हणजे मोटर, रूळ आणि कटर, बस्स. त्यामुळे बिघाड कमी. चांगलं हेड ५० ते १५० किलोमीटर कागद छापून जातं. आणि एक फायदा मुंबईत राहणाऱ्यालाच कळेल. बेस्टच्या कंडक्टरच्या मशीनमधून आलेलं तिकीट ओल्या हातात लगदा होईल, पण त्यावरची अक्षरं फुटून पसरत नाहीत. पाण्याने ओघळणारी शाई त्यावर नसतेच.

आता दुसरी बाजू, आणि इथे मला जरा सविस्तर बोलायचंय.

गिरगावातल्या एका चाळीतल्या काकू एकदा दुकानात आल्या. हातात लॅमिनेशन केलेला एक लांबट काळा कागद. एका कोपऱ्यात थोडी करडी जागा राहिली होती, बाकी सगळा कोळशासारखा काळा. "फ्रिजचं बिल आहे रे, वॉरंटीसाठी नीट राहावं म्हणून प्लास्टिक घालून आणलं. त्याने मशीनमध्ये टाकलं आणि हे असं झालं." लॅमिनेशनचा रूळ शंभर अंशांच्या वर तापलेला असतो. थर्मल कागद ६०-७० अंशांपासूनच करडा पडायला लागतो. त्या कागदाला वाटलं, सगळीकडे छापायचंय. काकूंचं नशीब असं की ज्या दुकानातून फ्रिज घेतला त्यांच्याकडे मोबाइल नंबरवरून बिल सापडलं आणि साध्या कागदावर दुसरी प्रत मिळाली. पण वॉरंटी मागायला गेल्यावर "बिल वाचता येत नाही" असं ऐकून परत फिरणारे मी पुष्कळ पाहिले आहेत, आणि दर वेळी वाईट वाटतं. त्या माणसाने हलगर्जी केलेली नसते. उलट त्याने ते बिल जपलेलं असतं.

जपण्याच्या आपल्या सगळ्या सवयी या कागदाच्या मुळावर येतात. पारदर्शक प्लास्टिकच्या फाइलमध्ये ठेवलं, तर पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात घातलेली तेलकट रसायनं कागदात उतरतात आणि अक्षरं विरून जातात. पाकिटाच्या प्लास्टिकच्या कप्प्यातही तेच. फाटू नये म्हणून सेलोटेप लावली, तर टेपखालचाच मजकूर आधी जातो. गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेली टोलची पावती उन्हाने काळी पडते, खिडकीशी टाचलेली पावती प्रकाशाने फिकी होते. हाताला सॅनिटायझर ओला असताना बिल धरलं तर त्यातलं अल्कोहोल थर विरघळवतं आणि बोटांचे डाग उठतात. कागद चांगला असेल, अंधारात, कोरड्या जागी, कागदाच्याच पाकिटात ठेवला तर मजकूर काही वर्षं राहतो. पण आपल्याकडे असं ठेवतं कोण? म्हणून माझा सल्ला एकच असतो: मोठ्या वस्तूचं थर्मल बिल घरी पोहोचायच्या आत मोबाइलवर फोटो काढून ठेवा, आणि झेरॉक्स काढा. झेरॉक्सचा टोनर प्लास्टिकचा असतो, कागदावर वितळून बसतो, तो असा उडत नाही.

ईसीजीच्या बाबतीत तर हे हात जोडून सांगतो. लालसर चौकटींचा तो कागद बहुतेक ठिकाणी थर्मलच असतो. बाबांचा जुना ईसीजी डॉक्टरांनी मागितला आणि फाइलमधून नुसत्या चौकटी निघाल्या, असं कुणावर येऊ नये. रिपोर्ट हातात पडला की त्याच दिवशी झेरॉक्स.

दुकानदारांसाठीही हे लागू आहे, फक्त तिकडे खरेदीच्या बिलांचा प्रश्न असतो. जीएसटीच्या कायद्याप्रमाणे हिशेबाची कागदपत्रं त्या वर्षाच्या वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने सांभाळायची असतात. तुमची विक्री कॉम्प्युटरमध्ये आहे, ठीक. पण समोरच्याने दिलेली थर्मल पावती पत्र्याच्या माळ्यावर सहा उन्हाळे काढेल यावर भरवसा ठेवू नका. स्कॅन करा, सीएला पाठवून द्या.

काही कामांना हा प्रिंटर मुळात घेऊच नये. मशीद बंदरच्या घाऊक व्यापाऱ्याला एकाच ठोक्यात तीन प्रती हव्या असतात, एक गिऱ्हाइकाला, एक टेम्पोवाल्याला, एक स्वतःला. कार्बनवर प्रत उमटायला सुईचा ठोका लागतो, आणि तो डॉट मॅट्रिक्सच देतो. थर्मल तीन वेळा वेगवेगळं छापेल, पण त्या तीन प्रतींवर एकच सही उमटणार नाही. हॉटेलच्या स्वयंपाकघरातही मी थर्मल टाळायला सांगतो. तंदूरशेजारी लटकवलेलं केओटी, म्हणजे स्वयंपाकघरात पाठवलेली ऑर्डरची चिठ्ठी, वाफेने आणि धगीने काळं व्हायला लागतं आणि मग "दोन नान" होते की "दोन रोटी" यावरून आरडाओरडा. तिथे रिबनचा, ठोके मारणारा छोटा प्रिंटर उत्तम.

लेबलं टिकायला हवी असतील तर थर्मल ट्रान्सफर नावाचा भाऊबंद आहे. हेड तसंच, पण मध्ये काळी रिबन असते. हेडच्या उष्णतेने रिबनवरचं मेण किंवा रेझिन वितळून साध्या लेबलवर चिकटतं. रंग कागदात नसल्यामुळे ते वर्षानुवर्षं टिकतं, रेझिनची रिबन असेल तर घासूनही जात नाही. खर्च अर्थात जास्त. आणि वापरलेली रिबन कचऱ्यात टाकताना फाडून टाका, कारण छापलेलं सगळं तिच्यावर उलट्या रंगात स्वच्छ वाचता येतं, नावं आणि पत्त्यांसकट.

काउंटरवर दिवसभर बिलं फाडणाऱ्या मुलींबद्दल मला विशेष सांगायचंय. बऱ्याच थर्मल कागदांत डेव्हलपर म्हणून बिस्फेनॉल ए वापरतात. हा पदार्थ शरीरातल्या हार्मोनच्या कामात ढवळाढवळ करतो, आणि या कागदावर तो सुटा असतो, त्यामुळे बोटांना लागतो. युरोपीय संघाने २ जानेवारी २०२० पासून थर्मल कागदात त्याचं प्रमाण वजनाच्या ०.०२ टक्क्यांवर रोखलं. मग पुष्कळ कारखाने बिस्फेनॉल एसकडे वळले, पण ती त्याचीच सख्खी बहीण. २०१४ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात दिसलं की सॅनिटायझर लावलेल्या हाताने पावती धरली तर हे रसायन त्वचेतून जास्त शिरतं. त्यामुळे कॅशवर बसणाऱ्या ताईंनी डबा खाण्याआधी साबणाने हात धुवावेत, गरोदर असतील तर शक्यतो दुसऱ्या कामावर बसावं, आणि लहान मुलांच्या हातात खेळायला बिल देऊ नये. फरसाणाची पुडी बांधायला तर अजिबात नको. हे बोलताना काही शेठ हसतात. मी हसत नाही. फिनॉल, म्हणजे बिस्फेनॉलसारखी रसायनं, नसलेले रोल मिळतात, थोडे महाग पडतात, मागून घ्या. आणि ही बिलं रद्दीत टाकू नका, पुनर्वापराच्या कागदात ती रसायनं मिसळतात.

मशीनच्या तक्रारींपैकी बऱ्याचशा खरं तर रोलच्या आणि हवेच्या असतात. थर्मल कागद बनवणारे साधारण २५ अंश तापमान आणि ६५ टक्क्यांपर्यंतची आर्द्रता सांगतात. जुलैत आपल्या हवेत ८० टक्क्यांच्या वर दमटपणा असतो. मोकळा ठेवलेला रोल ओल धरतो, कडा वळतात, कटरपाशी कागद अडकतो. जूनमध्ये पेटी फोडली की उरलेले रोल घट्ट झाकणाच्या डब्यात टाका. बिलावर उभी पांढरी रेघ आली तर आधी हेडवर घाण साचलीय का बघा. लालबागच्या मसाल्याच्या दुकानांत प्रिंटर उघडला की आतून मिरचीची पूड नाकात जाते, शिंका आवरत नाहीत. यंत्र बंद करून निवू द्यायचं, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाने पट्टी एकाच दिशेने पुसायची, वाळू द्यायची. कापसावर करडी साय येते, ती स्वस्त कागदाची झीज. सुरी, ब्लेड, घासणी काही लावायचं नाही. पुसूनही रेघ गेली नाही तर तो ठिपका मेला, हेड बदलावं लागेल. मध्येच प्रिंटर बंद पडून चालू होत असेल, आणि तेही बिलाच्या वरच्या मोठ्या काळ्या लोगोपाशी, तर अ‍ॅडॅप्टर तपासा. सगळे ठिपके एकदम तापतात तेव्हा वीज भरपूर ओढली जाते आणि हलका अ‍ॅडॅप्टर तिथे मान टाकतो.

शेवटचा मुद्दा माझ्या जिव्हाळ्याचा, मराठी बिलाचा. "मराठीत नाही येत भाऊ, मशीनला जमत नाही" हे मी फार ऐकतो. मशीनला ठिपके कळतात, भाषा नाही. एप्सनने बनवलेली ईएससी/पीओएस ही आज्ञांची पद्धत बहुतेक सगळे प्रिंटर पाळतात, आणि त्यांच्या पोटातले तयार फॉन्ट प्रामुख्याने रोमन असतात. देवनागरीची जोडाक्षरं, वेलांट्या, रफार जुळवायची सोय स्वस्त यंत्रांत नसते. उपाय असा की सॉफ्टवेअरने ओळ आधी चित्र म्हणून काढायची आणि ते चित्र प्रिंटरला पाठवायचं. ५८ मिमीच्या प्रिंटरवर इंग्रजीची ३२ अक्षरांची ओळ ३२ बाइटांत जाते. तीच ओळ २४ ठिपके उंचीचं चित्र म्हणून पाठवली तर ११५२ बाइट लागतात. ब्लूटूथवर मराठी बिल अडखळत येतं ते यामुळे, यूएसबीवर जाणवतही नाही. एवढ्यासाठी मराठी सोडायची गरज नाही. परळच्या किराणा दुकानात येणाऱ्या आजींना "तूरडाळ १ किलो" वाचता येतं, आणि त्या तिथेच उभं राहून हिशेब तपासतात, हे मी पाहिलंय.

फॉन्ट जाड निवडा, बारीक रेषा २०३ डीपीआयवर तुटतात. ओळीची उंची ३२ ठिपक्यांच्या खाली नेऊ नका, नाहीतर वरची मात्रा आणि खालचा उकार कापला जातो आणि "कुळीथ"चं "कळीथ" होतं. सॉफ्टवेअरवाला डेमो दाखवायला आला की त्याला "द्राक्षं, सुक्या मिरच्या, पुऱ्या, ज्वारी, कुर्ला" एवढं छापून दाखवायला सांगा. "पुऱ्या" मधला ऱ्य आणि "कुर्ला" वरचा रफार नीट आला तर बाकी सगळं येतं. नाही आला तर पैसे देण्याआधी दुरुस्त करून घ्या.